लाँचची बॅटरी लग्नात कुणी नेली?

गावकऱ्यांनो, मी लाँचवाला म्हादू. धक्क्यावरच्या या फळ्यावर आज रागानंच लिहितोय.

परवा राजूरहून बॅटरी पुरती चार्ज करून आणली होती. काल लग्नाच्या भोंग्यासाठी ती कुणीतरी न विचारता नेली, आणि चार्जिंग उतरल्यावर गुपचूप जागेवर आणून ठेवली.

आज सकाळी अडलेल्या बाईला धरणाच्या पलीकडं दवाखान्यात न्यायचं होतं. स्टार्टर मारला, तर इंजिन ढिम्म!

तिची सासू ओरडली, “म्हादू, थांबलास का रं?”

“मावशी, बॅटरीत जीवच न्हाई!”

शेवटी वल्ही मारत निघालो. बाई पाण्याच्या मधोमध बाळंत झाली. दोघं जगली, हे नशीब.

काल तुमचा भोंगा धरणापलीकडं ऐकू गेला. आज तिचं ओरडणं कुणाला ऐकू आलं का?