पालकारम्माने ओतलेलं दूध

आमची ही गायींशी मराठीत बोलायची, गिऱ्हाइकांना तमिळमध्ये झापायची आणि मला दोन्ही भाषांत. चेन्नईत वेलचेरीच्या मागच्या गल्लीत आमचा पाच गायींचा गोठा. पाल म्हणजे दूध, म्हणून सगळी वस्ती तिला पालकारम्मा म्हणे. ती जाऊन चार महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस. जसं आठवतं तसं लिहितो.

तिच्या दुधात पाण्याचा थेंब नसे. गायीला सुया चालू असल्या की त्या गायीचं दूध ती विकायची नाही, कुणी कितीही गयावया करो. पण दूध मातीत ओतणं म्हणजे पाप. मग ते वासरांना पाजायची. "औषधच आहे, झालं तर बरंच होईल," म्हणायची. मीही तसलाच शहाणा. कास सुजली की दुकानातून औषधाची बाटली आणायची, आपणच टोचायचं, दोन दिवसांत दूध साफ दिसलं की थांबायचं. उरलेलं पुढच्या गायीला, नाहीतर शेजारच्या मुरुगनला.

मग आमच्या चिमीला, हिच्या लाडक्या वासराला, हगवण लागली. बाटलीचा काही उपयोग होईना. सरकारी डॉक्टरांनी शेण तपासायला नेलं आणि सांगितलं, "तुमचं औषध या जंतूंना लागूच पडत नाही."

मी भडकलो. "हगवण लागायच्या आधी या वासराला आम्ही एक सुई टोचलेली नाही!"

"सुईतून नाही, बादलीतून गेलं," डॉक्टर म्हणाले. दुधातून रोज थोडं थोडं औषध पोटात गेलं. लेचेपेचे जंतू मेले, चिवट उरले. आणि औषध पचवायची युक्ती ते नुसती आपल्या पोरांना देत नाहीत, शेजारच्या जंतूलाही देतात, तो दुसऱ्या जातीचा असला तरी. मग शेणातून, पाण्यातून, आपल्या हातांवरून ते दुसऱ्या गोठ्यात पोचतात.

ही डोळे पुसत म्हणाली, "माणसांपेक्षा बरे की! आमच्यात सख्खी जाऊ विरजण देत नाही."

तिसऱ्या दिवशी चिमी गेली.

त्यानंतर ही पेटली. औषधाची पिशवी माझ्याकडून काढून घेतली. डॉक्टर सांगतील तितक्या सुया, एक कमी नाही. मी म्हणायचो, "अगं, दूध साफ आलं." तर म्हणे, "तुम्हाला दिसतं तेवढंच असतं का हो?" सुयांचं दूध गोठ्यापासून लांब खणलेल्या खड्ड्यात. पहिल्यांदा ओतताना तिने मातीला हात जोडले. पण ओतलं. मग गल्लीतल्या एकेका गोठ्यात जाऊन हेच सांगत बसली. मुरुगन हसला, "पालकारम्मा, लक्ष्मी रागावेल!"

"रागावली तर माझ्यावर. तुझी वासरं तर जगतील!"

त्याने ऐकलं नाही. आणि एका सकाळी धार काढता काढता ती बाजूला कलंडली. छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

परवा मुरुगन दारात आला. मला तो तात्ता म्हणतो, म्हणजे आजोबा. "तात्ता, वासरू हगतंय. उरलेली बाटली आहे का?"

"आमच्यात आता उरत नाही. डॉक्टरांना बोलाव."

"एवढ्याशासाठी? अम्मा असत्या तर..."

"ती असती तर तुझ्या कानाखाली दोन ठेवून दिल्या असत्या. फोन काढ!"

तो ओरडला, मी ओरडलो, गल्ली गोळा झाली. शेवटी मीच फोन लावला आणि डॉक्टर येईपर्यंत त्याच्या गोठ्याच्या तोंडाशी बसून राहिलो, कुणी बाटली आत नेऊ नये म्हणून. डॉक्टरांनी शेण घेतलं, मगच उठलो.

ही गेल्यापासून एवढा कुणाशी भांडलो नव्हतो. घरी आलो आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.