आधी कडा, मग गोष्टी

सांता मार्तात फिलेमोन येस्कासला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्याशी बोलून वेळेवर घरी पोचला असाही सापडायचा नाही.

मेक्सिकोतल्या वाहाकाच्या उत्तरेकडच्या डोंगरांत हे गाव. सकाळी ढग एका दारातून आत शिरतात आणि मनात आलं तर दुपारी दुसऱ्या दारातून निघून जातात. फिलेमोन बटाटे लावायचा, थोडा मका, परसात वाटाणा. शेत घरापासून हाकेच्या अंतरावर, पण कुदळ खांद्यावर टाकून निघालेला हा गडी तिथे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. वाटेत भेटेल त्याला एक गोष्ट. कुणी नाहीच भेटलं तर गाढवाला. त्याची बायको सेनाइदा म्हणायची, "आमचे बटाटे ह्यांची वाट बघून बघून आपणहूनच वर येतात."

आता गावची रीत अशी, की सभेने ज्याचं नाव पुकारलं त्याने वर्षभर ती गावसेवा करायची. पगार नाही, कुरकुर नाही. साठी गाठली की सुटका. बाकीची मंडळी साठीकडे डोळे लावून बसत. फिलेमोनला मात्र तिची धास्ती होती. येत्या मार्चात त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि एक सेवा राहिली होती. वाटाड्याची.

तशा सेवा त्याने ढिगाने केल्या होत्या. देवळाची घंटा त्याच्याकडे होती त्या वर्षी म्हातारा नासारियो गेला. फिलेमोनने मयताचे टोले द्यायला सुरुवात केली आणि मधेच दोरी सोडून मनोऱ्यातून ओरडला, "अरे, ह्या नासारियोने एकदा पाद्रीबुवांना स्वतःचाच टर्की विकला होता, ठाऊक आहे का? म्हणजे पाद्रीबुवांचाच टर्की, पाद्रीबुवांना!" खाली लोक खांदा द्यायला जमलेले. आधी विधवा हसली, मग सगळे. पाद्रीबुवा शेवटी.

रानाची राखण होती तेव्हा शेजारच्या गावचे दोघे चोरून पाइन तोडताना त्याला सापडले. दुसऱ्या कुणी शिट्टी वाजवून माणसं जमवली असती. हा त्यांच्याजवळ बसला, शिदोरी सोडली, त्यांना घेवड्याचं कालवण आणि मक्याच्या तोर्तिया वाढल्या आणि बोलत राहिला. तिन्हीसांजेला त्या दोघांनी लाकडं स्वतःच्या खांद्यावरून गावच्या कचेरीत आणून टाकली. नंतर त्यातला एक म्हणे, "दंड घ्या, पण ह्यांना आवरा."

अशा माणसाला वाटाड्या का करायचं नाही, हे खरं तर कुणी तोंडावर सांगत नव्हतं. जंगल बघायला परदेशी पाहुणे येतात, गावच्या लाकडी खोल्यांत उतरतात, वाटाड्या त्यांना शेवाळाच्या दाढ्या लोंबणाऱ्या ओकांमधून वर ससाण्याच्या कड्यावर नेतो. तिथून डोंगरामागे डोंगर, त्यामागे आणखी डोंगर. बघायचं, फोटो काढायचे, उतरायचं. फिलेमोनला वाटे, कान उघडे ठेवून समुद्रापलीकडून माणसं येतात, आणि सभा त्यांना त्या मुक्या रोसेंदोच्या हवाली करते! दर नोव्हेंबरला सभेत तो पुढच्या बाकावर बसायचा. दर नोव्हेंबरला नाव दुसऱ्याचंच निघायचं.

पाहुण्यांचा कारभार हर्मिलाकडे होता. हर्मिलाने ऐन उमेदीची वर्षं सीमेपलीकडे एका हॉटेलात बिछाने घालण्यात काढली होती. चादरीला सुरकुती चालायची नाही, नळाला गरम पाणी नाही हे चालायचं नाही, आणि उशीर तर अजिबात नाही. तिच्यामुळेच गावच्या खोल्यांचं नाव झालं होतं, हे फिलेमोनही मान्य करायचा. ती त्याला काका म्हणायची आणि लांबून दिसला की आडवाटेने जायची.

त्या ऑक्टोबरात मात्र तिची पंचाईत झाली. रोसेंदो तापाने फणफणलेला, दुसरे वाटाडे शेजारच्या गावी पाहुणे घेऊन गेलेले, आणि ओसरीवर चार माणसं बूट बांधून तयार. मारेके नावाची हॉलंडची निवृत्त परिचारिका, तिचा भाऊ, आणि एक तरुण कॅनडियन जोडपं. त्यातल्या नवऱ्याच्या गळ्यात हा एवढा कॅमेरा.

हर्मिलाने निरोप धाडला तेव्हा फिलेमोन दारात उभाच होता. गावात निरोप माणसाच्या आधी पोचतात.

"काका, नीट ऐका," हर्मिला म्हणाली. "वर कडा. कड्यावरून खाली. जेवणाआधी परत. दुपारची गाडी आहे त्यांची."

"एवढंच?"

"एवढंच. टर्कीची गोष्ट नाही."

"पाद्रीबुवांची?"

"तीच टर्कीची, काका!"

निघाले. मारेकेला मोडकंतोडकं स्पॅनिश येई, ती इतरांना सांगे. फिलेमोनने खरंच स्वतःला आवरलं. अर्धी चढण होईतो त्याने फार तर चार माणसांची कुळं सांगितली. आज नीट पार पडलं तर महिन्यावर आलेल्या सभेत कुणाला नाही म्हणता येणार नाही, असं मनाशी घोकत तो चालला होता. आणि तेवढ्यात खालून गावचा भोंगा वाजला.

"ऐका हो ऐका! झऱ्यावरची पाण्याची वाट पावसाने फोडली. घराघरातून सगळ्यांनी तेकियोला या. फावडी आणा, पोती आणा."

तेकियो म्हणजे गावाचं काम, गावाने हातावर करायचं. भोंगा झाला की हातातला घास ठेवून निघायचं. फिलेमोन थांबला, टोपी सारखी केली, "चला," म्हणाला आणि कड्याची वाट सोडून झऱ्याच्या वाटेला लागला. मागचे चौघे अर्थातच त्याच्यामागे. पाहुण्यांना विचारावं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. रात्री गावात निजलेत, सकाळी गावचं पाणी प्यालेत, मग विचारायचं काय?

झऱ्यावर अर्धा गाव चिखलात. दगड हातोहात पुढे चालले होते. रांगेत जागा झाली आणि मारेके तिच्यात उभी राहिली, जणू जन्मभर तिथेच उभी होती. तिचा भाऊ पोती भरायला बसला. त्या कॅनडियन पोरीला बायकांनी फावडं दिलं, आणि तिने ते उलटं धरलेलं पाहून इतक्या हसल्या की दगडांची रांग मोडली. मग एकीने तिला धरायला शिकवलं. नवरा मात्र एका खडकावर कॅमेरा पोटाशी धरून बसला. "आपण कड्यावर कधी जाणार?" तो दर थोड्या वेळाने विचारी. शेवटी फिलेमोनचा कोंपाद्रे कास्तुलो, म्हणजे फिलेमोनच्या थोरलीचा धर्मपिता, त्याच्या हातात नळाचं एक टोक देऊन म्हणाला, "बाबा, एवढं धर, मी कंबर सरळ करतो," आणि कंबर सरळ करायला जो गेला तो जेवायच्या वेळेलाच उगवला.

सेनाइदाने घेवडा आणि रानातल्या अळंब्यांचं मोठं पातेलं वर झऱ्यापाशी आणलं. सगळ्यांनी एकत्र खाल्लं. पाणी वाटेला लागलं तेव्हा उन्हं कलली होती, दुपारची गाडी केव्हाच उतरून गेली होती, आणि कड्याला ढगांनी गिळलं होतं.

गावात शिरताना हर्मिला रस्त्याच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात कमरेवर.

"कडा?"

"उद्या बघतील," फिलेमोन म्हणाला.

"पाहुण्यांना चिखलात घातलंत? काका, ही माणसं आराम करायला येतात! त्यांच्या पायांना फोड आलेत!"

"हाताला. दगड हाताने उचलतात."

हर्मिला पाठ फिरवून पाहुण्यांकडे गेली, आणि ते फिलेमोनला फार लागलं. कॅनडियन नवऱ्याने तिच्यापाशी तक्रार केली ती केलीच. त्याला वाटलं होतं जंगल दाखवतील, आणि दाखवला नळ. तिने त्याची माफी मागितली, सगळ्यांना आणखी एक रात्र ठेवून घेतलं आणि सकाळी उजाडताच स्वतः कड्यावर नेलं.

फिलेमोनचा महिना वाईट गेला. तो शेतावर वेळेवर पोचू लागला. सेनाइदाला वाटलं, दुखणंबिखणं आहे की काय. "बोला की काहीतरी," ती म्हणे, "घर कसं मेल्यागत वाटतंय." तो नुसता बटाट्यांची माती झाडत बसे. साठ वर्षं या गावात काढली, आणि शेवटची सेवा आपल्याच हाताने चिखलात घातली.

नोव्हेंबरची सभा बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली भरली. या खेपेला फिलेमोन मागच्या बाकावर. पुढे शाळेची समिती झाली, पाण्याची झाली, आणि वाटाड्यांचा विषय निघाला तेव्हा झऱ्याचं प्रकरण आपोआप निघालं.

"पाहुण्याला कडा दाखवायचा असतो, खड्डा नव्हे," कुणीतरी म्हणालं.

"फिलेमोन, उठून सांग बाबा तुझं."

तो उठला. लोकांनी सवयीने पाय पसरले, बायकांनी विणकाम काढलं. पण तो थोडक्यात म्हणाला, "भोंगा म्हणाला सगळ्यांनी या. पिवळ्या केसांचे सोडून, असं नाही म्हणाला."

"कोंपाद्रे," कास्तुलो ओरडला, "गाढवं सोडून असंही नव्हता म्हणाला!"

"म्हणून तर तू आला होतास."

पत्रा हादरेपर्यंत लोक हसले. हसणं ओसरलं तेव्हा हर्मिला उठून उभी होती. चेहरा तिच्या चादरीसारखा, एक सुरकुती नाही. फिलेमोनने मान खाली घातली.

"मी त्या हॉटेलात होते," ती म्हणाली, "तेव्हा दुसऱ्यांच्या खोल्यांत जन्म गेला माझा. सगळं कसं टापटीप. कुणी वाईट वागलं नाही. पण कुणी असं कधी म्हटलं नाही, की ये गं, हे जरा धर. आणि त्या मारेकेबाईने गाडीत बसताना मला काय विचारलं? पुढचा तेकियो कधी आहे. कड्याबद्दल चकार शब्द नाही. कडा मी दाखवला होता तिला, चांगला लख्ख."

"मग तुझं म्हणणं काय, हर्मिला?" सभेच्या अध्यक्षाने विचारलं.

"माझं म्हणणं, काकांना वाटाड्या करा. आणि दुसरं असं, की मार्चात साठ पूर्ण होतायत यांची. ही सेवा नाही दिली तर पुढची वीस वर्षं आपल्याला हीच गोष्ट ऐकावी लागेल."

हात इतक्या झपाट्याने वर गेले की अध्यक्षाने मोजलेही नाहीत.

"पण अट आहे," हर्मिला त्याच्याकडे बोट करून म्हणाली. "आधी कडा. मग गोष्टी."

जानेवारीत त्याच्या वाट्याला पहिले पाहुणे आले ते पोर्तुगालचे, आई आणि मुलगी. आई शिक्षिका, मुलगी विशीतली. त्यांना त्याची भाषा चांगली समजायची, म्हणजे मोह दुप्पट. फिलेमोनने नवी टोपी घातली होती. चढणीवर तो तोंडात मूग धरून चालला. ज्या ओकाखाली त्याच्या आजाने कोल्ह्याशी वाद घातला होता तो ओक गेला. जिथे गावच्या बँडातला तुतारीवाला लग्नाला जाताना घसरून तुतारीत अडकला होता ते वळण गेलं. प्रत्येक ठिकाणी त्याचा श्वास जरा मोठा होई, मग तो पुढे निघे. मुलीला वाटलं, काकांना दमा आहे.

ऊन वर यायच्या आत ते ससाण्याच्या कड्यावर पोचले. आणि समोर काही नव्हतं. धुकं. दुधाचं भांडं उपडं केल्यासारखं पांढरं, पायाखालच्या दगडापासून थेट आभाळापर्यंत.

आई खडकावर टेकली. "इथून काय दिसतं हो एरवी?"

फिलेमोनने एकदा मागे पाहिलं, जणू हर्मिला उभी असावी. कडा तर झाला होता.

"एरवी ना," तो म्हणाला, "तुमच्या बुटांच्या बरोबर खाली दोन लाल छपरं दिसतात. आगापितो आणि सेलेरिनो, सख्खे भाऊ. एकमेकांशी बोलत नाहीत."

"का?"

"ते त्यांनाही आठवत नाही. पण वाटणीत भट्टी गेली एकाकडे आणि नळ दुसऱ्याकडे. आता पाव कसा करायचा? मग बायका कुंपणापाशी येतात. एक पाणी देते, दुसरी पाव देते, आणि दोघींचं जे काही सुरू होतं ते पाव करपेपर्यंत. म्हणून आमच्या गावात जरा करपलेला पाव चांगला मानतात. म्हणजे त्या घरात आज बोलणं झालं."

मग तो थांबेचना. पांढऱ्या धुक्यात बोट दाखवून त्याने कास्तुलोचं शेत दाखवलं, कास्तुलोची झोपायची जागा दाखवली, शाळा, नदी, नदीपलीकडचं गाव आणि त्या गावाने सांता मार्ताच्या मिरवणुकीतून एकदा ढोल कसा पळवला तेही. आई हसून डोळे पुसत होती. मुलगी धुक्याच्या कडेला येऊन खाली बघत होती, जसं काही दिसतच होतं.

आणि मग वारा सुटला. धुकं खालून फाटत गेलं. पलीकडे डोंगरामागे डोंगर, निळ्यात निळे, पार टोकापर्यंत उघडे पडले. पाहुणे इथे हमखास "अहाहा" म्हणतात.

मुलीने तिकडे पाहिलंही नाही. ती खालीच छपरं शोधत होती. "ती बघा! लाल छपरं! आणि धूर येतोय, काका, भट्टीतून धूर येतोय!"

"येतोय खरा."

"मग त्या आज बोलतायत?"

फिलेमोनने डोळे बारीक केले. कुंपणापाशी दोन ठिपके होते, एक परकराचा आणि एक शालीचा. "धूर काळा दिसतोय," तो म्हणाला. "बराच वेळ झालेला दिसतो."

"मग पाव जळेल ना! चला, चला, गरम आहे तोवर," आणि पोरगी आईचा हात धरून उतरायलाही लागली, वळणावळणाने, धावतच.

"अगं, हळू!" फिलेमोन टोपी धरून मागे पळत ओरडला, "त्या वळणावर थांब, तिथली तुतारीची राहिलीय!"