बिबट्या शेतात बसत नाही

सुकलाल आप्पा पाटील वादात हरला, असं तापीच्या या काठावर कुणी पाहिलेलं नाही. समोरचाच कंटाळून उठून जातो, आणि जो उठला तो हरला, हा आप्पाचा घरचा कायदा. ग्रामपंचायतीला उभा राहिला तेव्हा गावाने त्याला धडधडीत पाडला. पण आजही विषय निघाला की आप्पा सांगतो, "जे सुरतले कामले गयेल व्हतात ना, त्या सगळा मन्हा मानसे व्हतात." आता सुरतेला जाऊन विचारणार कोण? म्हणजे आप्पा निवडून आलाच. पुढे मोटरसायकलवरून पडून पाय मोडला, तेव्हा डॉक्टरने एक्स-रे दाखवला तर म्हणे, हा फोटो दुसऱ्याचा. प्लास्टर घालून घेतलं, खाटेवर पडून राहिला, बरा झाला. आणि ज्या अर्थी बरा झाला त्या अर्थी पाय मोडलाच नव्हता, हेही त्याने खाटेवरून उठता उठता सिद्ध करून टाकलं.

असा हा माणूस यंदाच्या दिवाळीत गप्प होता. घरच्यांना वाटलं, दाढ दुखत असेल.

दाढ शाबूत होती. दुखणं वावरात होतं. शहादा तालुक्यात, नदीच्या अंगाला आप्पाची जमीन. तिच्या निम्म्यात यंदा ऊस, माणूस आत शिरला तर त्याचा आवाजही बाहेर येऊ नये असा दाट. दिवाळी सरली की साखर कारखान्याची ऊसतोड टोळी गावात सगळ्यात आधी आप्पाच्या वावरात उतरणार होती. हा पहिला नंबर सुखासुखी लागलेला नव्हता. तोडीचे नंबर लावणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला आप्पाने वर्षभरात इतक्यांदा जेवायला आणलं होतं की कौसाबाईला तो आपल्याच पोटचा वाटायला लागला होता. आप्पाच्या मागे नंबर होता नवलचा. नवल म्हणजे शेजारचा बांध, आणि शाळेत पाटी फुटली तेव्हापासूनचा वैरी. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन उतरतं, आणि नवल बांधावर उभा राहून हसतो. पहिली दोन नुकसानं आप्पाने एक वेळ सोसली असती.

आणि नेमका आता, तोडीच्या तोंडावर, आप्पा नाल्याकडच्या कोपऱ्यात पाणी बघायला गेला. पडलेल्या उसाखाली पाचटात त्याला मांजरीची दोन पिल्लं दिसली. मांजरीच्या मानाने पंजे मोठे होते. अंगावर ठिपके होते. जवळच्या चिखलात त्यांच्या आईचं पाऊल उमटलं होतं, आणि त्या पावलात पाणी अजून गढूळ होतं, म्हणजे बाई आत्ताच उठून गेली होती. आप्पाने तिथे वाद घातला नाही.

घरी आला तो एका पायात चप्पल घेऊन.

"दुसरी कोठे शे?" कौसाबाईने विचारलं.

"उसमा ऱ्हायनी."

"आन तुमी आठे?"

"हळू बोल. उसमा बिबट्या शे. मादी शे. दोन पिल्लं शेत. कोनले सांगू नको."

कौसाबाईच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला. "सांगू नको म्हंजे? टोळीना मानसे जातीन ना उसमा! बाया जातीन! तुमले काही वाटस का नही?"

"बिबट्या काय येडी शे का? मानसे दिसनात का निंघी जाई ती. पहाटे मी दोन फटाका फोडी देसू."

"मंग तुमीच जा ना पहिले, कोयता लिसन."

आप्पा गेला नाही. उलट संध्याकाळचं वावरात जाणंच त्याने बंद केलं, आणि विचारलं तर सणावाराला माणसाने घरात बसावं, असं सांगायला लागला.

घरात बसायला यंदा कारणही होतं. मुलगा भूपेश नाशिकला बँकेत. तो दिवाळीला आला होता आणि आल्यापासून ओसरीवरच्या झोक्यात मोबाईल घेऊन पडला होता. त्याची बायको रोहिणी, माहेर रनाळ्याचं, पण आता नाशिकच्या मैत्रिणींमुळे सुधारलेली. तिने मुलीसाठी, म्हणजे भूमिकासाठी, पत्त्यांचा एक खेळ आणला होता. डब्यावर एक कुटुंब गोल बसून हसत होतं, सगळ्यांचे दात एकसारखे पांढरे, आणि कुणीही दुसऱ्याच्या पत्त्यात डोकावत नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'निसर्गाशी नातं जोडा, कुटुंबासह!' ज्या घरात कणगीमागे घूस, माळ्यावर साळुंक्या आणि उसात ती बाई पिल्लांसह, त्या घराला निसर्गाशी नातं जोडायचं राहिलं होतं खरं.

खेळ सोपा होता. पत्ते दोन जातीचे. एकांवर जागा: झाडी, खडक, गवत, पाणी, शेत. दुसऱ्यांवर प्राणी, आणि प्रत्येक प्राण्याखाली लिहिलेलं, त्याला राहायला काय काय लागतं. आपल्यापुढे जागा मांडायच्या, प्राण्याला हवं ते जमलं की त्याला तिथे बसवायचं, त्याचे गुण आपले. शेवटी जो प्राणी बेघर म्हणून हातात राहील, त्याचे गुण वजा.

"आबा, कळलं ना?" भूमिका म्हणाली.

"कळना. म्हंजे गावठाणना प्लॉट वाटाना खेळ शे."

तोडीच्या आदल्या संध्याकाळी टोळीचा मुकादम भीमसिंग मोटरसायकलवर आला. धडगावकडचा, डोंगरातला गडी, दरसाल तिकडची माणसं घेऊन खाली उतरतो. त्याची एक रीत ठरलेली: तोडीआधी आदल्या दिवशी उसाला पूर्ण फेरी मारायची. गाडी कुठून येईल, ऊस कुठे पडलाय, नाला किती ओला, सगळं बघायचं.

"राम राम आप्पा. उजेड शे तोपावत फेरी मारी येस."

फेरी म्हणजे नाल्याकडचा कोपरा, आणि तिथला चिखल.

"अरे, फेरी काय मारस! ऊस काय पयी जाई ऱ्हायना का? बठ. सणना दिन शे. ओ कौसा, भीमसिंगले फराळ आन!"

भीमसिंग बसला, कारण आप्पाने त्याचा हातच धरून ठेवला होता. चकली झाली, चहा झाला. तो उठायला लागला की आप्पा आणखी काही तरी मागवायचा. ज्या मुकादमाला एरवी ओट्याखालीच उभं करून बोलायचं, त्याला आज स्वतःच्या हाताने लाडू वाढत होता. कौसाबाई दारात उभी राहून हे बघत होती, आणि तिच्या बघण्याकडे आप्पा बघत नव्हता. फराळाचे डबे संपले तेव्हा आप्पाला ओसरीवर पत्ते मांडत असलेली नात दिसली.

"भीमसिंग, एक डाव खेळी जाय. पोर कवयनी वाट देखी ऱ्हायनी."

पोर कुणाचीच वाट देखत नव्हती. पण खेळाडू मिळाला म्हणून तिने पटकन पत्ते वाटले. अंधार पडायला थोडाच अवकाश होता. एक डाव आणि अंधार. एवढंच आप्पाला पाहिजे होतं. डाव कुणी का जिंकेना.

हे शेवटचं वाक्य आप्पाने मनाशी म्हटलं, आणि पत्ते हातात आल्याबरोबर विसरला.

नशीब त्या दिवशी धडगावकडून आलं होतं. भीमसिंगला झाडीवर झाडी येत होती. त्याने अस्वल बसवलं, घोरपड बसवली, वर एक घुबडही टेकवलं. भूमिकाने पाण्याकाठी बगळा आणि कासव वसवलं. आप्पाला मात्र येऊन जाऊन शेत. एक शेत, दुसरं शेत, मग पाणी, मग पुन्हा शेत.

"आबा, माझे पत्ते बघू नका!"

"मी कोठे देखी ऱ्हायनू? डोया तथा गया."

"डोया मांगे बोलाई ल्या आप्पा," भीमसिंग म्हणाला. त्यालाही आता रंग चढला होता. बाहेर दिवस मावळला, कौसाबाईने ओसरीतला दिवा लावला. फेरी टळली होती. आप्पाने डाव तिथेच आवरून मुकादमाला हसत निरोप दिला असता तर सकाळी टोळी उसात शिरली असती. पण आप्पाच्या हातात एक पत्ता राहिला होता, आणि भीमसिंगच्या हातात एकही नव्हता.

भूमिकाने वाकून पाहिलं. "बिबट्या! आबा, त्याला झाडी आणि खडक लागतो. तुमच्याकडे शेत आणि पाणीच आहे. त्याचे गुण वजा होणार."

"मंग?"

"मग भीमसिंगकाका जिंकले."

आप्पा त्या पत्त्याकडे बघत राहिला. चित्रातला बिबट्या खडकावर पाय पसरून बसला होता, मागे हिरवी झाडी. आप्पाला त्या चित्राचाच राग आला. इतके दिवस घशात दाबून ठेवलेली गोष्ट, आणि हा रंगवलेला बिबट्या त्याच्याच ओसरीवर खोटं बोलत होता. त्याने पत्ता उचलला आणि शेतावर आपटला.

"हाऊ बसना!"

"आबा, चालत नाही. बिबट्या शेतात बसत नाही. पत्त्यावर लिहिलंय."

"लिखनारानी बिबट्या देखेल शे का?"

आतून रोहिणी म्हणाली, "आप्पा, खेळ आहे हो. सोडा ना."

"कसाले सोडू?"

कौसाबाई दारातून ओरडली, "ओ भूपेशना बाप! हारी जा ना एकदाव!"

हा सल्ला आप्पाला जन्मात कुणी दिला नव्हता. तो त्याला ऐकूच आला नाही.

आणि भीमसिंग, हातातले पत्ते संपवून बसलेला भीमसिंग, जिंकल्याच्या मस्तीत हसत म्हणाला, "आप्पा, बिबट्या वावरमा काय करी? त्याले डोंगर लागस. आम्हनाकडे शे तो. तुमनाकडे बोका ऱ्हातस."

संपलं.

"बोका?" आप्पा उभा राहिला. "तुले काय माहीत! मन्हा उसमा बठेल शे! नालाकडना कोपराले! दोन पिल्लं शेत, मी मन्हा डोयाघाई देखेल शेत! आते सांग, बिबट्या वावरमा बसस का नही?"

झोक्याची करकर थांबली. भूपेशने दिवाळीत पहिल्यांदा मोबाईलमधून डोकं वर काढलं.

भीमसिंगने आपलं अस्वल, आपली घोरपड, आपलं घुबड उचललं, नीट एकावर एक ठेवलं आणि भूमिकाच्या हातात दिलं.

"अरे, मी खेळमा बोलनू," आप्पा म्हणाला. "खेळना ऊस. खेळना बिबट्या."

"नालाकडना कोपरा खेळमा कोठे शे आप्पा?"

आप्पाने पत्त्यांकडे पाहिलं. कोपरा कुठेच नव्हता.

"आम्ही पोरेसले उसना बांधले निजाडतस," भीमसिंग म्हणाला. आवाज चढवला नाही. "मन्ही बायको पहिला कोयता टाकस. हाई तुमले माहीत व्हतं, आन तुमी माले लाडू चारी ऱ्हायनात."

"फटाका फोडनार व्हतू मी. पहाटे."

"फोडा. तुमना बिबट्या बसना आप्पा. आम्ही उठतस."

मोटरसायकल सुरू झाली, गेली. आप्पा दारापर्यंत मागे गेला, आणि परत येऊन पहिलं काय बोलला, तर भूमिकाला म्हणाला, "उठी गया तो. म्हंजे कोन हारनं?"

टोळी सकाळी नवलच्या उसात उतरली. नवलने बांधावर नारळ फोडला आणि हसला. बराच वेळ हसला. बातमी गावभर झाली, मग वनखात्याच्या माणसापर्यंत पोचली. त्याने कोपरा पाहिला, चिखल पाहिला, बांधावरच्या कडुनिंबाला कॅमेरा बांधला आणि सांगितलं, पिल्लं हिंडती होऊन आई त्यांना घेऊन जाईस्तोवर या उसाला कुणी हात लावायचा नाही. कधी नेईल? ते तिलाच माहीत.

नवलचा ऊस गेला. त्याच्या पुढचा गेला. बघता बघता शिवार मोकळं झालं आणि मधोमध आप्पाचा ऊस तेवढा उभा राहिला, डोक्यावर पांढरे तुरे घेऊन. आता त्या बाईला दुसरं घरही उरलं नाही. चिटबॉय जेवायला यायचा बंद झाला.

आप्पा मात्र रोज बांधावर. लांबून, पण रोज. लोक बघायला यायचे, त्यांना हात करून सांगायचा, "डोंगर नही लागत त्याले. ऊस लागस. पानी लागस. आमनासारखंच शे." ज्या उसाचं वजन दिवसाला उतरत होतं त्याकडे पाठ करून हा माणूस लोकांचं अज्ञान दूर करत होता.

मग कॅमेऱ्यातला फोटो आला. तुऱ्यांखाली मादी बसलेली, मागे दोन्ही पिल्लं, कान उभे. आप्पाने तो तातडीने नाशिकला पाठवला आणि भूमिकाला फोन लावला.

"देख! काय शे तो?"

"बिबट्या. किती गोड, आबा!"

"गोड राहू दे. कशावर बठेल शे?"

"...शेतावर."

"मंग पत्ता मांड. गुण धर."

पोरीने मोठ्या मनाने सांगितलं, "ठीक आहे आबा. तुम्ही जिंकलात."

आप्पाने फोन ठेवला. ओसरीवर कौसाबाई कापसाच्या वाती वळत होती. तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"आयकं का? जिंकनू मी."

कौसाबाईने वात वळून बाजूला ठेवली. "बेस झायं," ती म्हणाली. "आते तसाच जा उसमा, आन तिले इचारी या, कवय उठस ती."