पाटाला झाकण घालणाऱ्या जाधव मॅडम

जाधव मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गावालगतच्या अभयारण्याच्या कडेला, सुकल्या गवतात उकिडव्या बसलेल्या. समोर कालव्याच्या आखणीचे दगड आणि मान चिंकारा हरणाच्या उंचीला वाकवलेली. मी बारामतीच्या कॉलेजातून सुटीला घरी आले होते. विचारलं, "काही हरवलंय का?"

"व्हय. हरणाला हितनं पलीकडचं काय दिसतं, ते शोधतेय. बस की तूबी."

प्रकल्पानं रानातल्या जनावरांचं काय होईल, हे तपासून अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. गाव कोऱ्हाळे बुद्रुक, घर उसाचं, शिक्षण पुण्यात. बोली मात्र गावचीच राहिलेली. पाहणीच्या काळात त्या आमच्याच घरी उतरल्या. आमचं इंदापूरकडचं माळरान. कालवा येणार म्हणून सगळ्यांत खूश होते माझे वडील, आबा. डाळिंबाची बाग ते टँकरवर जगवत होते.

आधीच्या पाहणी पथकानं पावसाळ्यात येऊन लिहिलं होतं, हरणं कालव्याचा हा पट्टा ओलांडत नाहीत. मॅडमना ते पटेना. "लेक द्यायची तर सासरचं घर उन्हाळ्यात बघावं. पाणी कुठनं आणत्यात, ते तवाच कळतं." आमच्याकडच्या म्हाताऱ्याही हेच सांगतात, पण हरणांना ते लावलं मॅडमनीच. ऐन मे महिन्यात त्या पहाटेपासून माळावर बसल्या. डबकी आटली, तशी हरणं हाच पट्टा ओलांडून पाणवठ्यावर जायला लागली.

जनसुनावणीला मांडव भरला होता. अभयारण्यालगत उघडा पाट नको, तेवढ्या तुकड्यात पाणी जमिनीखालच्या पाइपातून न्या, असं मॅडमनी मांडलं. मागून आवाज आला, "तुमच्या कोऱ्हाळ्यात पाटाचं पाणी खळखळतंय, म्हणून तुमाला हरणं सुचत्यात!" मांडव हसला.

"पाटाकाठीच वाढले, म्हणून तर सांगते," मॅडम म्हणाल्या. "काँक्रीटच्या उतारावर खूर टिकत न्हाय. आमची कालवड त्यात गेली. गळ्यात दावं हुतं, तरी वर वढता आली न्हाय. हरणाला तर दावंबी न्हाय."

आबा उठले. "पाइपाला अजून एक हंगाम जाणार. तवर माझी बाग थांबंल का?"

"न्हाय थांबणार, आबा. तुमचं नुकसान हुणार हाय. तेबी मी लिहिणार."

आणि लिहिलं. काम लांबलं तर कुणाच्या बागा जळतील तेही, आणि तोवर शेततळी भरून द्या हेही. पाइप मंजूर झाला. शेततळी कागदावरच राहिली. आबांनी मॅडमशी बोलणं टाकलं, पण त्या घरी उतरल्या की त्यांच्या आधी स्वतःचं ताट कधी वाढून घेतलं नाही.

आमची निम्मी बाग वाळली.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी सुटणार, त्या दिवशी मॅडम आल्या. मांडवात हारतुरे चालले होते. त्या आधी आमच्या बागेत गेल्या आणि वाळक्या खोडांपाशी उभ्या राहिल्या. आबा मागून गेले. "निम्मी गेली, मॅडम."

"ठाव हाय, आबा. माझ्या सहीनं गेली."

मी घरातली पहिली पदवीधर, आणि आज हेच काम करते. अहवालावर सह्या करणारे पुष्कळ पाहिले. ज्याचं जळालं त्याच्या बांधावर येऊन असं बोलणारं माणूस एकच पाहिलं.

आबा घराकडं वळले. मग त्यांनी आईला हाक मारली, "अगं, पाणी सुटू दे मागनं. आधी कोऱ्हाळ्याच्या लेकीची ओटी भर."