आत्यांचा खड्यांचा डबा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते जळकोटच्या माझ्या आत्यांचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्याकडं राहून. आत्या कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांच्या अकरा शेळ्या एका इशाऱ्यावर मागं फिरत, आणि हायवेच्या कडेला शेळ्या चारणाऱ्या बाईला याहून मोठी विद्या लागत नाही.

इशारा म्हणजे खडे घातलेला पत्र्याचा डबा. शेळीनं रस्त्याकडं मान वळवली की त्याच क्षणी डबा वाजायचा, आणि ती जवळ येताच ओटीतले मक्याचे दाणे तिच्या तोंडाशी. एकदा मी दाणे द्यायला रेंगाळलो, तर म्हणाल्या, “आता दिलास व्हय? मधी तिनं शेजारणीला ढुशी मारली. तिला वाटंल, ढुशीचंच मिळालं. उद्या तुला मारंल.” दुसऱ्या दिवशी खरंच बसली. आत्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

डब्याबद्दल मात्र त्या कडक होत्या. “वाजवला की दाणा द्यायचाच. नसंल द्यायचा तर वाजवू नको. जनावराला फसवलं तर ते भांडत न्हाय, नुसतं ऐकायचं सोडतंय.”

शेवटच्या परीक्षेआधी आत्या आठ दिवस लेकीकडं गेल्या आणि शेळ्या माझ्याकडं आल्या. मी बाभळीखाली पुस्तक घेऊन बसायचो. त्या पांगल्या की बसल्या जागेवरून डबा वाजवायचो. दाणे सोबत न्यायचा कंटाळा केला. सुरुवातीला शेळ्या येऊन माझा हात हुंगून गेल्या. आठव्या दिवशी फक्त कान हलवत होत्या.

आत्या परतल्या, त्याच दुपारी गाभण चांदी रस्त्याकडं निघाली. आत्यांनी डबा वाजवला, पुन्हा वाजवला. चांदी थांबली नाही. ट्रकही थांबला नाही.

“माझाच हात मंद झाला,” एवढंच त्या ज्याला त्याला सांगत. महिन्याभरात शेळ्या जावेकडं दिल्या. मी परीक्षा दिली. माझ्या निकालाचे पेढे त्यांनीच वाटले.

सहा वर्षं झाली. आता मी शाळेत शिकवतो. ते आठ दिवस मनात ठेवून दमलो आहे. फोनवर दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा त्यांच्या गुडघ्याचंच विचारून थांबलो. शेवटी मागच्या आठवड्यात पत्र पाठवलं; आत्यांची पत्रं त्यांची सून, म्हणजे माझी वहिनी, वाचून दाखवते.

“आत्या, जय भीम. तुमचा हात मंद झाला नव्हता. तुम्ही लेकीकडं होता तेव्हा मी आठ दिवस नुसता डबा वाजवला, दाणा एकदाही दिला नाही. चांदी माझ्यामुळं गेली. तुम्ही गावभर स्वतःचाच दोष सांगत आलात, म्हणून हे पत्र वहिनींनी ओट्यावर बसून, तुमच्या जाऊबाई असताना, मोठ्यानं वाचावं. रविवारी मी येतो आहे. शेळ्या परत मागायच्या का, ते तोवर ठरवा. मागायला मी जाईन.”