पप्पांची तोफ

“नाइटमेअर डिसऑर्डर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणजे पुन्हा पुन्हा पडणारी इतकी भयंकर स्वप्नं, की मूल झोपायलाच घाबरतं.” मला रागच आला. माझ्या दंडावर लेकीच्या दातांचे व्रण होते, आणि ह्या बाई स्वप्नांचं काय घेऊन बसल्या?

सई चौथीत आहे. आम्ही देवळाली कॅम्पात राहतो. आमचे हे तोफखान्यात हवालदार. कित्येक दिवस ती किंचाळत उठायची, जवळ घ्यायला गेलं की चावायची, लाथा घालायची. शाळेत बाकावर पेंगायची. सगळ्यात वाईट म्हणजे हे घरात आले की माझ्यामागे लपायची. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. घरभर ठसका झाला, सई तशीच.

नाशिकला नेलं. ईईजी केला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात, फिट येते का ते बघायला. तो नॉर्मल निघाला, तेव्हा ह्या मानसोपचारवाल्या बाईंकडे पाठवलं.

त्यांनी सईला विचारलं, काय दिसतं गं स्वप्नात?

“तोफ आमच्या घराकडे वळते. पप्पा तोफ उडवायची दोरी ओढतात. आईचं डोकं उडतं. मग पप्पा परत तोफ भरतात. माझ्यासाठी.”

हे शेजारच्याच खुर्चीत होते. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा.

सरावाची तोफ उडाली की आमच्याकडे खिडक्या थडथडतात. लेकरू दचकलं की आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्या आया एकच सांगतात, “काही नाही रे, पप्पांची तोफ आहे.” धीर द्यायला. सई तान्ही असल्यापासून मीही हेच सांगत आले. तोफेनं माणसाचं काय होतं, ते तिला आता मोबाइलवरच्या युद्धाच्या बातम्यांत दिसलं होतं.

उपाय सांगितला इमेजरी रिहर्सल. म्हणजे दिवसाउजेडी स्वप्न सांगायचं, शेवट मुलानं स्वतः बदलायचा आणि रोज त्याची तालीम करायची. मी लगेच म्हटलं, तोफेतून फुलं पडतात असं कर. सईनं डोळे वटारून पाहिलं माझ्याकडे.

“मी पप्पांना खाली ओढते आणि मारते.”

“तिचा शेवट तिला ठरवू द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उशी द्या हातात.”

तुमच्यावर ही वेळ आली तर लेकराचं स्वप्न पुरतं ऐकून घ्या. मध्येच ‘काही नाही’ म्हणू नका, आणि फुलंबिलं तर नकोच.

हे दुपारी जेवायला आले की वर्दीतच फरशीवर बसायचे. सई कॉलर धरून ओढायची आणि उशीनं बडवायची, दात खाऊन, घाम येईपर्यंत. माझ्याच्यानं बघवत नसे. मी पुढे झाले की हे हातानं थांबवायचे. एकदा तिनं उशी फेकली आणि बुक्कीच मारली. ह्यांच्या नाकातून भळाभळा रक्त आलं.

सई जागच्या जागी थिजली. “लागलं का पप्पा?”

“लागलं गं.”

ती त्यांच्या मांडीवर बसली आणि फ्रॉकनं नाक दाबून धरलं. ऊठ म्हटलं तरी उठेना.

स्वप्नं अजून पडतात अधूनमधून. पण आता दचकून उठली की हाक ह्यांनाच मारते, मला नाही. मला जरा राग येतो, आणि त्या डॉक्टरीणबाईंना मनातल्या मनात हात जोडून मी कूस बदलते.