चार कप पाणी, एक कप साखर

अमेरिकेत शॉमबर्गच्या आमच्या मराठी मित्रमंडळींत ॲरिझोनाचा विषय निघाला की मी एक किस्सा सांगत असे. तिथल्या डोंगरातल्या कॅम्पग्राउंडवर एक अमेरिकन म्हातारी होती, डोळ्यांनी अधू. पक्ष्यांना साखरपाणी देण्याच्या बाटल्या ती नीट धूत नसे, आणि तिच्यामुळे हमिंगबर्ड मेले. ऐकणारे हळहळायचे. एखादे काका म्हणायचे, "जे लोक स्वतःला कागदानं पुसतात, ते बाटली काय धुणार!" मग हशा. माझी बायको तेवढ्यात उठून स्वयंपाकघरात जायची. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. किस्सा खोटा आहे हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

१९८५च्या मे महिन्यात आम्ही दोघं स्टेशन वॅगननं तीन दिवस ड्राइव्ह करून तिथं पोचलो होतो. खाली तापलेलं वाळवंट, माणसापेक्षा उंच निवडुंग. रस्ता डोंगरात शिरला की तासाभरात हवा बदलायची, ओकची झाडं लागायची, झऱ्याचा आवाज यायचा. सकाळी दुर्बिणी घेऊन कड्यापर्यंत चढायचं, दुपारी तंबूपुढे बसून पक्षी बघायचे, एवढाच कार्यक्रम.

कॅम्पग्राउंडची देखभाल सत्तरीच्या एक बाई करत. पगार नव्हता, त्याबदल्यात त्यांचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, तिथं उभा ठेवायची परवानगी होती. नवरा गेल्यावर घर विकून टाकलेलं, त्यामुळे तो ट्रेलर आणि ती जागा हेच त्यांचं घर. दारापुढे त्यांनी लाल बुडाच्या सहा बाटल्या टांगल्या होत्या. त्यांवर इतके हमिंगबर्ड यायचे की लोक खुर्च्या टाकून बघत बसायचे. बायको पहिल्याच दिवशी त्यांना मावशी म्हणू लागली, अर्थात आपल्यातल्या आपल्यात.

मावशींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे शहरात जायचं होतं, शिवाय बहिणीकडे राहायचं होतं. पाच दिवस बाटल्या कोण भरणार? मी हात वर केला.

"काय करतोस तू?" त्यांनी विचारलं.

"इंजिनिअर आहे."

"मग माप चुकणार नाही तुझं."

त्यांनी साखरेची पिशवी दिली आणि एक कार्ड दिलं. चार कप पाणी, एक कप पांढरी साखर, उकळून गार करायचं. दर दोन दिवसांनी बाटल्या धुवायच्या. दुसरं काहीही घालायचं नाही. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

आमच्या खाण्याच्या खोक्यात कोल्हापुरी गुळाची ढेप होती. मला वाटलं, पांढऱ्या साखरेत काय कस असतो? आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी देतात. इथं तर एवढाएवढा जीव, तोही वाळवंटावरून उडून आलेला.

"अहो, दुसरं काही नको असं लिहिलंय ना?" बायको म्हणाली.

"गूळ माहीत असता तर तोच लिहिला असता. त्यांना पक्ष्यांतलं कळतं, गुळातलं नाही."

सहाही बाटल्या मी गुळाच्या पाण्यानं भरल्या. दोन दिवसांनी धुऊन पुन्हा तेच भरलं. त्या उन्हात दुसऱ्या सकाळीच पाण्याला आंबूस वास येऊ लागला. मी हुंगून पाहिलं, आणि हाईकला निघून गेलो.

चौथ्या दिवशी सकाळी बायकोनं हाक मारली. आमच्या टेबलावर एक हमिंगबर्ड पिसं फुगवून बसला होता. ती म्हणाली, झोपलाय. मी बोट लावलं तर तो कलंडला. चोचीतून जीभ बाहेर लोंबत होती, सुजलेली. तळहातावर घेतला तर काही घेतल्यासारखं वाटेना. मग खाली पाहिलं. बाटल्यांखाली, ट्रेलरच्या पायरीवर, खुर्च्यांमध्ये ते पडलेले होते. अकरा मोजले आणि मोजणं सोडलं. 

त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. उकळत्या पाण्यानं बाटल्या घासल्या. मग चार दिवसांत किती साखर लागली असती याचा हिशेब केला आणि तेवढी साखर पिशवीतून काढून झऱ्यात ओतली. माप अगदी बरोबर घेतलं.

"हे काय करताय तुम्ही?" बायको मागे उभी होती.

"आवरतोय."

दुपारी जंगलखात्याचा रेंजर आला. कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"साखरच घातली होती ना?"

"साखरच. एकास चार."

त्यानं पिशवी पाहिली, मान डोलावली. एक मेलेला पक्षी उलटापालटा करून तो म्हणाला, बुरशी दिसते. बाटल्यांच्या तोट्यांत आधीचीच असणार. "तिला हल्ली दिसत नाही बहुतेक."

दुसऱ्या दिवशी मावशी परतल्या. रेंजरनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकेक बाटली उतरवून उन्हाकडे धरली, बराच वेळ आत बघत राहिल्या.

"मला तर स्वच्छ दिसल्या होत्या," त्या म्हणाल्या. "काल डॉक्टर म्हणाला, डोळे छान आहेत. मग मला बुरशी कशी दिसली नाही?"

रेंजर चांगला माणूस होता. हळू आवाजात त्यानं सांगितलं, या कामाला आता दुसरं कुणीतरी बघावं लागेल. महिनाअखेरपर्यंत ट्रेलर राहू दे.

 ट्रेलर हलवावा लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकोनं माझं कोपर घट्ट धरलं आणि मराठीत म्हणाली, "सांगा. आत्ता सांगा, नाहीतर कधीच सांगणार नाही तुम्ही."

"काय म्हणते ती?" मावशींनी विचारलं.

मी म्हणालो, "ती म्हणते, फार वाईट झालं."

मावशींनी बायकोचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिचे आभार मानले. बायकोला इंग्रजी बोलता फारसं येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्याकडे.

मावशी पुढे कुठं गेल्या मला माहीत नाही. पत्र टाकून विचारता आलं असतं, ते मी केलं नाही. उलट घरी येऊन महिन्याभरात तो किस्सा रचला आणि एका जेवणात सांगितला.

आता माझ्यापेक्षा तरुण मंडळी तो सांगतात, टॉयलेट पेपरच्या विनोदासकट. त्यांना मी हे सगळं पाठवतो आहे. त्या बाईंचे डोळे चांगले होते आणि त्यांनी बाटल्या स्वच्छ धुतल्या होत्या. पक्षी मी मारले. यापुढे कुणी तो किस्सा सांगायला लागलं, तर मी समोर बसलेला असलो तरी त्याला थांबवा.